तांबड्या भोपळ्याचा प्रकल्प : देवगड, मे ते सप्टेंबर २०२४

४ मे

कॅनिंगचा आंबा सुरू झाला आहे. पेटीत न बसणारा, डाग पडलेला, बारका हापूस आमच्या महिला गटाच्या शेडमध्ये येऊन पडतो आणि दिवसभर रस निघतो. आज काम आटोपल्यावर बायकांनी नवा विषय काढला. मुंबईच्या सुना-लेकी बाळांसाठी बाहेरून बरण्या विकत घेतात. आपल्याकडे परसात तांबडा भोपळा आहे, रताळी आहेत, बाटल्या भरायची सवय आहे. मग भोपळा, गाजर, बीट शिजवून, गाळून, छोट्या बाटल्यांत भरून विकायला काय हरकत आहे? सगळ्यांचा उत्साह पाहून मलाही बरं वाटलं. फूड प्रोसेसिंग शिकलेली मी एकटीच, म्हणून तपासायचं काम माझ्याकडे आलं.

मी लगेच ‘थांबा’ म्हटलं, तर गटातल्या काकींनी विचारलं, "गे बाय, आंब्याचो रस बाटलेत वरसभर रवता, मगे भोपळ्याचो कित्याक रवाचो नाय?"

प्रश्न अगदी नेमका आहे. या प्रकल्पात सगळ्यात आधी याचंच उत्तर द्यायला हवं, आणि तेही शेडमध्ये, सगळ्यांसमोर.

९ मे

पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजायच्या पट्ट्या घेऊन गेले. चार वाट्या मांडल्या: कोकमाचं आगळ, हापूसचा रस, शिजवून गाळलेला भोपळा, शिजवलेलं गाजर. पट्टी बुडवायची आणि रंग डबीवरच्या रंगाशी ताडून बघायचा, हे काम बायकांनीच केलं. आगळाची पट्टी क्षणात लालभडक झाली. रसाची ४ च्या आसपास थांबली. भोपळा ५ च्या पुढे गेला आणि गाजर ६ पाशी.

मग सांगायला सोपं झालं. सीमारेषा ४.६ ची. त्याखाली, म्हणजे आंबट बाजूला, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू वाढत नाही. तो मातीत असतो, त्यामुळे मातीतून आलेल्या कुठल्याही भाजीवर त्याचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे जंतूने कवच घालून घेतलेली झोप. उकळत्या पाण्यातही ही झोप मोडत नाही. आपण बाटली उकळतो तेव्हा बाकीचे जंतू मरतात, हवा निघून जाते, झाकण घट्ट बसतं, आणि या एकाच जंतूला हवं ते सगळं आपण तयार करून देतो: हवा नाही, आंबटपणा नाही, कोकणातल्या खोलीची ऊब आहे. मग तो बाटलीत जागा होतो आणि विष तयार करतो. त्या विषाने स्नायू लुळे पडतात, शेवटी श्वासाचेसुद्धा. बाटली कधी फुगते, कधी फुगत नाही. वासावर आणि चवीवर भरवसा ठेवता येत नाही.

आंब्याचा रस टिकतो तो आपल्या हातगुणाने नव्हे, त्याच्या स्वतःच्या आंबटपणाने. हे वाक्य मी दोनदा म्हटलं, कारण इतकी वर्षं बाटल्या भरणाऱ्या बायकांना त्यात आपल्या कामाचा कमीपणा वाटू नये अशी माझी इच्छा होती. काम चोखच आहे. फक्त भोपळ्याला ते पुरत नाही.

२००६ साली अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजराचा रस थंड न ठेवल्यामुळे माणसं याच विषाने आजारी पडली होती. तो तर कारखान्यात भरलेला रस होता.

काकींचा पुढचा प्रश्न तयारच होता: "मगे थोडां आगळ घालूया." विचार योग्य दिशेने आहे, लोणच्यात आपण तेच करतो. पण आगळात मीठ भरपूर असतं आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाण्यात वरून मीठ घालायचं नसतं. शिवाय घट्ट लगद्यात आंबटपणा सगळीकडे सारखा पोचला की नाही हे घरी कळत नाही. आणि पीएच ४.६ च्या खाली जाईल इतका आंबट भोपळा बाळ तोंडात घेईल का, हाही प्रश्न आहेच.

१६ मे

प्रेशर कुकरचा मुद्दा निघणार हे माहीत होतं. कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान जातं आणि बीजाणू मारायला कारखान्यात १२१ अंशच वापरतात, हे खरं आहे. पण तिथे ते तापमान बाटलीच्या अगदी मध्यभागी पोचून ठरलेली मिनिटं टिकलंय हे मोजलेलं असतं. भोपळ्याचा लगदा घट्ट असतो, त्यात उष्णता मुंगीच्या पावलाने आत जाते. अमेरिकेत घरोघरी प्रेशर कॅनर वापरतात, तरी तिथल्या कृषी खात्याचा सल्ला स्पष्ट आहे: कुस्करलेला किंवा वाटलेला भोपळा घरी बाटलीबंद करूच नका. कुकरची शिट्टी ऐकून आपण त्यापुढे जाऊ नये.

कायद्याची बाजूही आज बघितली. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाला पूरक म्हणून, दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी विकलं जाणारं अन्न १९९२ च्या शिशुदुग्ध पर्याय कायद्याखाली येतं. २००३ च्या दुरुस्तीनंतर तो आणखी कडक झाला. अशा अन्नाची जाहिरात करता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे बालपोषणाचे वेगळे नियम २०२० सालचे आहेत. बाटलीवर बाळाचं चित्र लावून व्हॉट्सअॅपवर पाठवणं म्हणजे थेट कायदा मोडणं.

बैठकीत ठरलं की बाटली नाही. निराशा झाली, आणि ती होणं साहजिक होतं. पण एकीने विचारलं, विकायचं नाही तर नको, पण आमच्या घरी नातवंडं आहेत, त्यांना भोपळा द्यायचा तर कसा द्यायचा? प्रकल्प तिथून पुढे तोच झाला. गटाने आपल्या वाडीत घरच्या घरी भाजीची मऊ लापशी सुरक्षित कशी करायची हे शिकायचं आणि अंगणवाडीत दाखवायचं.

१२ जून

पाऊस लागला. अंगणवाडीत सेविकाताई आणि आशाताईंबरोबर बसले. आशाताई बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं असताना घरी जातात. त्यातली सहाव्या महिन्याची भेट आपल्या कामाची. त्यांनी सांगितलं की घरोघरी दोन टोकं आहेत. कुठे चौथ्या महिन्यातच भाजीचं पाणी सुरू करतात, तर कुठे उष्टावणाचा मुहूर्त सापडत नाही म्हणून आठवा लागला तरी बाळ नुसतं दुधावर असतं. सहा महिने पूर्ण, म्हणजे १८० दिवस, ही गोष्ट आधी पक्की करायची.

मग एका घरी गेलो. आजी बाळाला पसरलेल्या पायांवर आडवं घेऊन बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या वाटीने, पातळ केलेला भोपळा घशात सोडत होत्या. माया इतकी की बघत राहावं. पण बाळ रडत होतं, श्वास घेत होतं आणि त्याच वेळी लगदा आत जात होता. आशाताईंनी खूप छान हाताळलं. त्या म्हणाल्या, "आजी, आता ह्येका बसूक येता मां? मगे बसवून भरवया." बाळाला मांडीवर ताठ बसवलं, चमचा ओठांपाशी धरला आणि थांबल्या. बाळाने स्वतः तोंड उघडलं. जीभ बाहेर आली, अर्धं परत ओठावर आलं, पुन्हा आत गेलं. तेवढ्यात आजींचाच चेहरा फुलला.

याची नोंद पहिल्या कागदावर जाईल. आडवं करून, रडताना, हसताना, झोपेत भरवायचं नाही. दुधाच्या बाटलीच्या बुचाचं भोक मोठं करून त्यातून लापशी द्यायची नाही. श्वासनलिकेत गेलेला घास हा जंतूंपेक्षाही लवकर जीव घेतो.

परतताना मधाचं बोट निघालंच. घुटीत मध, जिभेला मध. मी मे महिन्यातल्या बीजाणूंची आठवण करून दिली. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही, कारण तिथे आधीच इतर जंतूंची वस्ती असते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून वसलेली नसते, म्हणून तिथे तेच बीजाणू रुजतात आणि विष आतल्या आत तयार होतं. हा आजार वेगळा म्हणून १९७६ साली कॅलिफोर्नियात ओळखला गेला. वर्ष होईपर्यंत मध नाही, शुद्ध असला तरी, आपल्या रानातला असला तरी.

२८ जून

आज भांडी.

मिक्सर आधी घेतला. काकींच्या घरचा, रोज वाटप वाटणारा, वरून लखलखीत. पातं फिरकी देऊन काढलं, खालची रबरी रिंग सुरीच्या टोकाने उचलली. रिंगेच्या खाचेत खोबरं आणि धण्याचा करडा थर बसलेला होता, बोटाला बुळबुळीत लागला, वास आंबूस. सगळ्या गप्प झाल्या. यात कुणाचा गलथानपणा नाही, भांडंच तसं बनवलेलं असतं. पण त्याच भांड्यात बाळाची भाजी फिरवली की शिजवून मारलेल्या जंतूंच्या जागी नवे भरून द्यायचे. गरम लगदा झाकण लावून फिरवला तर वाफेने झाकण उडून भाजायचीही भीती.

यावर सगळ्यांत चांगला उपाय कपाटातच होता: पुरणयंत्र. स्टीलचं, सगळे भाग सुटे, दिसेल तिथे घासता येईल असं. भोपळा, रताळं, गाजर, मूगडाळ सगळं त्यातून निघतं आणि लगदा मिक्सरइतका गुळगुळीत होत नाही, थोडा रवाळ राहतो. तोच पुढे हवा आहे. वापरण्याआधी उकळतं पाणी ओतायचं. रोज चार चमच्यांसाठी पुरणयंत्र नको असेल तर वाटी आणि चमच्याची पाठ पुरे.

मग पितळ. एकीने आजेसासूबाईंचं पातेलं आणलं होतं, ‘बाळाचं ह्यातच शिजवायचं’ ही घरची रीत. आतली कल्हई कधीच उडालेली, तांबूस पिवळा धातू उघडा पडलेला. यावर मी जरा जास्त बोलले, कारण ही गोष्ट आपल्या मराठी मुलखातली आहे. पूर्वी लहान मुलांचं यकृत निकामी करणारा एक आजार भारतात होता, इंडियन चाइल्डहूड सिरोसिस. त्या मुलांच्या यकृतात तांबं साचलेलं सापडायचं. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात पुण्याच्या डॉक्टरांचा सहभाग होता. पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं जनावराचं दूध लहानपणीच सुरू करणं, याकडे त्या अभ्यासाने बोट दाखवलं. स्टीलची भांडी घरोघरी आली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. पातेलं जपून ठेवावं, त्यात फुलं ठेवावीत. बाळाचं स्टीलमध्येच.

१० जुलै

रात्रीपासून लाइट नाही. या नोंदी टॉर्चच्या उजेडात लिहिते आहे, आणि आजचा विषयही हाच आहे.

वाचायला मिळणारा बहुतेक सल्ला ‘फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या साच्यात गोठवा’ असा असतो. तो चुकीचा नाही. चार अंशांचा फ्रिज असेल तर शिजवलेली भाजी एक दिवस राहते, उणे १८ अंशांत महिनाभर. पण देवगडच्या जुलैत फ्रिज हे फक्त बंद होणारं कपाट आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कित्येक वाड्यांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्याआधी २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगड आणि दापोली-मंडणगडकडे काय केलं ते सगळ्यांना आठवतं. रात्री केव्हा लाइट गेली, किती वेळ गेली, सकाळी पुन्हा घट्ट झालेल्या तुकड्याकडे बघून ते कळत नाही.

५ ते ६० अंश हा जंतूंचा आवडता पट्टा. आपलं स्वयंपाकघर बारा महिने त्याच्या मधोमध आहे. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी बाळासाठी त्याहून कडक नियम धरला आहे: शिजलं, कोमट झालं, भरवलं. उरलं ते मोठ्यांच्या पानात.

बाळाच्या उष्ट्या चमच्याने ढवळलेली वाटी तर अजिबात राखून ठेवायची नाही. लाळेबरोबर जंतू आणि पाचकरस दोन्ही आत जातात आणि लगदा तासाभरात पातळ व्हायला लागतो.

सकाळची पेज संध्याकाळी गरम करून देणं ही इथली पद्धत. भाताला चिकटून येणारा बॅसिलस सीरियस नावाचा जंतू आहे, तो कोमट भातात वाढतो आणि वांतीचं विष सोडतो. ते विष पुन्हा उकळल्याने जात नाही. म्हणून ‘मी चांगलं उकळलं होतं’ हे इथे कामाला येत नाही.

पाणी. ग्रामपंचायतीला यंदा पाण्याच्या तपासणीत हिरवं कार्ड मिळालंय, विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडते. तरीही पावसात बाळाच्या भाजीचं, घासल्यावर भांडी विसळायचंही पाणी उकळलेलंच. खदखदून उकळी फुटल्यावर एक मिनिट, मग झाकून.

२५ जुलै

पालेभाज्यांचा दिवस. परसात लाल माठ उभा आहे आणि आयांना तो द्यायची घाई आहे, ‘रक्त वाढतं’ म्हणून. मला हा भाग कुणाला घाबरवून सोडायचा नव्हता आणि लपवायचाही नव्हता.

माठ, पालक, मुळा, बीट यांत नायट्रेट भरपूर असतं. रोपं ते मातीतून घेतात, खत जास्त तर ते जास्त. मोठ्यांना त्याने काही होत नाही. भाजी शिजवून ठेवली की जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरतं आणि मग ते हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं. बाळाचे ओठ, नखं निळसर-राखाडी पडतात, रक्त चॉकलेटसारखं दिसतं. अगदी लहान बाळाच्या रक्तात हे उलटवणारा विकर कमी असतो, म्हणून धोका त्याला जास्त. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी हा संबंध पहिल्यांदा दाखवला. त्या बाळांच्या दुधात शेतातल्या विहिरींचं नायट्रेटवालं पाणी होतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्याने वाढतं.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ साली यावर सविस्तर अहवाल दिला. तीन महिन्यांच्या आत घरच्या पालक-बीट-गाजराच्या लापशा द्यायच्या नाहीत, हा त्याचा गाभा. आपण तर सहा महिन्यांआधी काहीच देत नाही, त्यामुळे मोठा धोका तिथेच टळतो. त्यानंतर ताजी, थोडी, इतर अन्नात मिसळून दिलेली पालेभाजी चालते.

तरी तीन गोष्टी मी कागदावर ठळक केल्या. पालेभाजीचा आणि बिटाचा लगदा कधीच साठवायचा नाही, फ्रिज चालू असला तरी. बाळाला जुलाब होत असतील तेव्हा या भाज्या थांबवायच्या, कारण तेव्हा पोटातच नायट्राइट तयार व्हायला वाव मिळतो. आणि पाला भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यायचं. एरवी भाजीचं पाणी टाकू नये असं आपण शिकवतो, इथे मात्र टाकायचं.

ओठ निळे दिसले, बाळ मलूल झालं तर घरगुती काहीही न करता गाडी काढायची. दवाखान्यात यावर औषध आहे.

बिटाने शी-शू लाल होते, त्याला घाबरायचं नाही, हेही खाली लिहिलं. रात्री फोन याचेच येतात.

७ ऑगस्ट

दुधी, पडवळ, दोडका, काकडी, भोपळा: कापल्यावर कच्चा तुकडा मोठ्या माणसाने जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर अख्खं फळ टाकून द्यायचं. कडूपणा क्युकर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं गंभीर आजारी पडल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली होती. बाळ ‘कडू’ म्हणून सांगू शकत नाही, आणि तोंड फिरवलं तर आपण नखरे समजतो.

सुरण, अळू, करांदे सध्या नको. त्यांच्या सुईसारख्या स्फटिकांनी मोठ्यांचाही घसा खवखवतो. हिरवट पडलेला, कोंब आलेला बटाटा नको.

२२ ऑगस्ट

आतापर्यंत सगळं विष, जंतू, घुसमट याबद्दल झालं. आज ज्याबद्दल लिहिते आहे तो धोका कुणाला धोका वाटतच नाही: बाळ रोज पोटभर भोपळा खातं आणि उपाशी राहतं.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज साधारण २०० कॅलरी लागतात. १०० ग्रॅम भोपळ्यातून मिळतात जेमतेम २५. म्हणजे नुसत्या भोपळ्यावर भागवायचं तर ८०० ग्रॅम लागेल, आणि बाळाच्या पोटात एका वेळी मावतं जेमतेम वाटीभर. नुसत्या भाजीचा पातळ लगदा पोट भरतो आणि दुधाची भूक मारतो, एवढंच. वजनाचा काटा मग जागचा हलत नाही आणि आईला कळत नाही आपलं काय चुकतंय.

म्हणून आज शेडमध्ये शिजवलं ते असं: मऊभात दोन भाग, मूगडाळ एक भाग, भोपळा एक भाग, वरून चमचाभर तूप. मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही. हळद चिमटीभरच, तीही घरी कांडलेली, कारण पिवळेपणासाठी हळदीत शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार झाले आहेत आणि शिसं बाळाच्या मेंदूला बाधतं. चमचा तिरका केला तरी लगदा चटकन ओघळू नये इतकं घट्ट. ‘घट्ट म्हणजे घशात अडकेल’ ही भीती सगळ्यांनाच होती. घट्ट आणि गाठीचं यात फरक आहे हे हातात घेऊन दाखवलं: दोन बोटांत धरलेला तुकडा जराशा दाबाने चिरडला गेला पाहिजे. कच्चं गाजर, शेंगदाणा, अख्खा वाटाणा चिरडत नाही, ते नाही द्यायचं.

सुरुवातीला दोन-तीन चमचे दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी. नवव्यात पुरणयंत्र बंद करून नुसतं कुस्करायचं. लगद्यावरच रेंगाळलेलं बाळ पुढे चावायला कुरकुर करतं.

लोहाची कमी भोपळा भरून काढणार नाही. आशाताईंकडच्या लोहाच्या औषधाची आठवण आज पुन्हा केली: सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा, १ मिली.

९ सप्टेंबर

गणपती. प्रत्येक घरात चाकरमानी, प्रत्येक माजघरात एक तरी तान्हं. दीड दिवसाचे काल गेले, बाकीच्यांकडे भजनं चालू आहेत. बायकांनी मला न सांगताच घरी आलेल्या सुनांना शिकवायला सुरुवात केली आहे.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने कणकवलीला उतरलेल्या एका सूनबाईंनी डब्यातून गोठवलेले गाजर-भोपळ्याचे चौकोन आणले होते, आठवडाभराची सोय म्हणून. घरी पोचेपर्यंत त्यांचं पाणी झालेलं. मुलीने किती निगुतीने प्रत्येक भाजी वेगळी करून, डब्यांवर तारखा घालून आणली होती, ते बघून मला भरून आलं. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या काकींनीच, तिला जवळ बसवलं. "तुझी मेहनत वाया जाता म्हणान वायट वाटता, पण ह्या नको. परसात भोपळो आसा. ताजां करूचां, ताजां भरवूचां." आणि दोघींनी मिळून अर्ध्या तासात केलंही.

दुसऱ्या एका बाळाचं नाक आणि तळवे पिवळे-नारिंगी झालेले, घरात काविळीची कुजबुज. डोळ्यांची पांढरी बाजू पाहिली, स्वच्छ पांढरी होती. रोज दोन वेळा गाजर आणि भोपळाच चालू होता. त्यातल्या कॅरोटीनचा रंग कातडीत उतरतो, कमी केल्यावर काही आठवड्यांत जातो. डोळे पिवळे असते तर गोष्ट वेगळी. तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून या असंच सांगितलं.

२० सप्टेंबर

पोषण महिन्याचं प्रात्यक्षिक अंगणवाडीत झालं. गटातल्या बायकांनीच सगळं बोलायचं ठरलं होतं. मी मागे बसले. पट्ट्यांचा खेळ काकींनी घेतला, आगळ, रस, भोपळा. रिंग काढलेला मिक्सर हातोहात फिरला. बाबा मंडळीही आली होती. एकाने विचारलं, बाजारची बरणी मग सुरक्षित कशी? चांगला प्रश्न. ती कारखान्यात १२१ अंशांच्या हिशेबाने भरलेली असते, पण उघडल्यावर तीही आपल्या भोपळ्यासारखीच नाशिवंत. थेट बरणीतून भरवायची नाही, वाटीत काढून घ्यायची.

गटाने चार पुरणयंत्रं घेतली आहेत, सहा महिन्यांच्या बाळांच्या घरी ती फिरती राहतील. आशाताई सहाव्या महिन्याच्या भेटीला देतील आणि बाराव्याच्या भेटीत परत आणतील. कागद एकच, दोन्ही बाजूंनी छापलेला, भांडी एका बाजूला आणि भाज्या दुसऱ्या बाजूला. शेडमधल्या बाटल्या कोकमासाठी धुवायला काढल्या आहेत. लाल माठावरचा मजकूर पुढच्या छपाईत मोठ्या अक्षरांत घ्यायचा आहे, आज दोन आजींना तो वाचता आला नाही.